कुंभवलीच्या गॅरेजात मी जे बोलले नाही

चिंचणीचा समुद्र कसा आहे, असं दुकानात येणारी प्रत्येक बाई मला विचारते. चांगला आहे. किनारा लांब आहे, सुरूची झाडं आहेत, गर्दी बेताची असते. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासाचं काहीतरी लिहून द्या, असा आग्रह झाला म्हणून वही घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की त्या चार दिवसांत समुद्र मी जेमतेम दोन तास पाहिला. बाकीचा वेळ गाडीच्या मागे गेला, आणि मी केलेल्या एका वाईट गोष्टीच्या मागे. तेव्हा तेच लिहिते. फक्त समुद्र हवा असेल त्यांनी शनिवारपर्यंत वाचावं आणि थांबावं.

शुक्रवार : नाशिक ते चिंचणी

माझं नाशकात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दिवाळीआधीचे दोन महिने मशीनवरून उठायला मिळत नाही, म्हणून दिवाळी झाली की मी चार दिवस कुठेतरी जाते. या वेळी शुभदाकडे. ती माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन चिंचणीला गेली ती तिथलीच झाली. चिकूची वाडी, घर, सासूबाई, सगळं तिच्याच अंगावर.

गाडी छोटी, पेट्रोलची, सात वर्षं जुनी. चालवते मीच. निघताना काच धुण्याचं पाणी भरलं, बोनेट आपटलं आणि सकाळी सातला त्र्यंबकच्या रस्त्याला लागले. मोखाड्यापर्यंत भाताच्या खाचरांत कापणी झालेली होती, नुसते बुडखे उभे होते. आमच्याकडे द्राक्षबागांच्या रांगा पाहायची सवय, त्यामुळे डोंगरउताराची ही हातभर रुंदीची शेतं पाहून ही माणसं इथे उभं राहून काम तरी कशी करतात असं वाटतं. जव्हारला पोहे खाल्ले. जव्हारनंतर रस्ता उतरायला लागतो. उतारावर गाडी कशीही पळते, हे लक्षात ठेवा.

विक्रमगड सोडल्यावर एका टपरीवर चहाला थांबले. शेजारी पंक्चरचं छप्पर होतं. चार बांबू, वर ताडपत्री, समोर टायर टांगलेला. तिथला माणूस उठून माझ्या गाडीजवळ आला. पस्तिशीचा, काटक, हाताला काळं लागलेलं.

"बाई, बोनेट नीट लागलं नाय तुमचं. घाटात उडालं असतं तर काचंवर आलं असतं."

मी खालून खटका ओढून दिला. त्याने बोनेट उचललं, खटक्यातली माती फडक्याने पुसली, आणि बंद करायच्या आधी आत वाकून बघत राहिला.

"ही पोटली कसली? पायपाच्या तोंडाशी आलीय. हितनं इंजिन हवा घेतं. काढून बाजूला ठेवू?"

आमच्या पार्किंगमध्ये उंदीर फार. मागे एकदा वायर कुरतडली होती, तेव्हापासून मी तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या पोटलीत बांधून बोनेटखाली ठेवते. आमच्या बिल्डिंगमधले सगळेच ठेवतात. नाशिकचा मेकॅनिक नको म्हणतो, पण उंदीर त्याची वायर खात नाहीत.

"राहू दे," मी म्हटलं. "उंदरांसाठी आहे ती. कशाला हात लावू नकोस."

"बरं," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी दाबून बोनेट बंद केलं.

चहा येईपर्यंत तो बोलत राहिला. नाव लहानू. पाडा टपरीच्या मागेच. दरवर्षी दिवाळी झाली की सगळ्या पाड्यासारखा तोही बायको-मुलीला घेऊन वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. सोमवारी सकाळी ट्रक येणार होता.

"ह्या साली आमी नाय चढायचो," तो म्हणाला. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. "कुंभवलीला नंदूभाऊंचं गॅरेज हाय. सोमवारपासून तिथं लागतो. पोरगी चौथीत हाय, तीन सालांत एक वर्ग पुरा बसली नाय. आता बसंल. काय लागलं तर जा तिथं बाई. माझं नाव सांगा."

मी मान हलवली, चहा संपवला, निघाले.

मनोरला हायवेवर चढले आणि गाडी रडायला लागली. पाय दाबला तरी पुढे जाईना. साठाच्या वर काटा सरकेना. मागून ट्रक हॉर्न मारत अंगावर येत होते, आणि मी डाव्या कडेने बैलगाडीसारखी चाललेली. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळले तेव्हा हाताला घाम सुटला होता. सिग्नलला उभी केली की इंजिन अगदी शांत, घरच्या मिक्सरसारखं. जोर मागितला की दम कोंडल्यासारखं. तसंच रेटत, औद्योगिक वसाहतीचा तो आंबूस वास नाकात घेत, दुपारी चिंचणीला पोचले.

शुभदा म्हणाली, "पेट्रोल कुठे भरलंस?"

"नाशकात. पेट्रोल चांगलं आहे. गाडीही चांगली होती. विक्रमगडला एकाने बोनेट उघडलं, तिथून पुढे बिघडली."

हे वाक्य तेव्हा सहज तोंडून गेलं. पण एकदा बोलल्यावर ते मला खरंच वाटायला लागलं.

शनिवार : कुंभवली आणि समुद्र

सकाळी बोईसरमध्ये दुसरं गॅरेज शोधायचा त्रास घेतला नाही. लहानूने सांगितलेल्याच ठिकाणी गेले. कुंभवलीचा रस्ता म्हणजे एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती. शिफ्ट सुटलेली माणसं सायकलींवरून जात होती. नंदूभाऊ पन्नाशीचे, गावातलेच, लुंगीवर शर्ट, कानाला मोबाईल. त्यांचा मुख्य मेकॅनिक रामआसरे, उत्तरेकडचा. गाडी चालू केल्याबरोबर त्याने डोळे मिटले आणि कान देऊन ऐकत बसला.

"मॅडम, रेस दीजिए. और. और दीजिए."

मी पाय दाबून धरला. इंजिन गुरगुरलं आणि तिथेच अडलं.

"आवाज ही नहीं बढ़ रही. मतलब क्लच नहीं है. क्लच होता तो इंजिन चिल्लाता और गाड़ी खड़ी रहती."

त्याने गाडी जॅकवर चढवून चाकं हाताने फिरवली. ब्रेक कुठे धरत नव्हता. प्लग काढले, कोरडे आणि चांगले होते. तपासणीचं मशीन लावलं, त्यात काही दोष दिसेना. मी बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे पाहत होते. उन्हाने डोकं तापलं होतं. नंदूभाऊंनी विचारलं, "शेवटचं काम कुठं केलं होतं?"

मी म्हटलं, "काम कुठलंच नाही. काल विक्रमगडच्या पुढे एका पंक्चरवाल्याने बोनेट उघडलं होतं. तिथपर्यंत गाडी उत्तम. तुमच्याचकडे लागणार आहे म्हणाला सोमवारपासून. लहानू."

नंदूभाऊंनी फोन खाली घेतला. "काय केलं त्यानं?"

"ते मला काय माहीत? आत वाकून बराच वेळ काहीतरी करत होता. काहीतरी काढून घेतलं असणार, नाहीतर मुद्दाम बिघडवलं असणार. तुमचंच नाव सांगून इथे पाठवलं ना मला!"

मी हे मोठ्याने बोलले. तिथे गिऱ्हाईकं होती, दोन रिक्षावाले होते, त्यातला एक म्हणाला, "असले लोक दारात उभे करायचे नायत, भाऊ." नंदूभाऊंची मान खाली गेली. गॅरेजचं नाव सांगून माणूस असं करतो म्हणजे ते त्यांच्याच अंगावर येतं.

पोटलीची आठवण मला तेव्हा झाली नाही. हे खरं आहे, आणि यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

गाडी तिथेच ठेवावी लागली. दुपारी शुभदाने मला समुद्रावर नेलं. वाळू काळसर, पाणी मातकट, पण वारा असा की दोन महिन्यांची शिलाई मानेतून उतरावी. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा लांबून मला दोरीवरच्या ब्लाउजच्या बाह्यांसारख्या दिसल्या. एका कोळणीशी भाव करायला गेले तर ती म्हणाली, "नाशकाच्या काय गं तुमी? तुमच्याकडं कांद्याला भाव नाय करत, आन् हितं माशाला करतांव!" आम्ही तिघीही हसलो. त्या दिवशी मी चांगलं हसले, चांगलं जेवले आणि चांगली झोपले.

रविवार : गाडीचा दम

अकराच्या सुमारास फोन आला. शुभदाला सासूबाईंच्या हाताखाली काम होतं, म्हणून मी एकटीच रिक्षाने गेले. रामआसरे खुशीत होता. काय केलं ते त्याने मला पहिल्यापासून सांगितलं. पेट्रोलचा दाब पाहिला, ठीक होता. शेवटी हवेच्या फिल्टरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं, तर ते एकदम मोकळं झालं, हवं तेवढं पळायला लागलं. झाकण लावलं की परत गुदमरायचं. फिल्टर काढून पाहिला, तो स्वच्छ. म्हणजे अडथळा फिल्टरच्याही अलीकडे.

"पाइप खोला मॅडम, और ये देखिए. गाड़ी का गला किसने घोंटा!"

त्याच्या चिमट्यात माझी पोटली होती.

ब्लाउजचं आंबाकलरचं अस्तर. गोळ्या विरून ती लुळी झाली होती, आणि इंजिनाने ओढून पायपात घेतली होती. जेवढा जास्त जोर मागावा तेवढी आत घट्ट बसत होती. तोंडाला मीच घातलेली धावदोऱ्याची शिलाई, दुहेरी दोरा, शेवटी तीन गाठी. माझी हातशिलाई मी हजारांत ओळखेन. पायपाच्या तोंडाशी आलीय, हे त्या माणसाने सांगितलेलं आणि मी दिलेलं उत्तर, दोन्ही एकदम आठवलं.

नंदूभाऊंनी ती हातात घेतली, वास घेतला आणि बाजूला टाकली. "बघा. पायपात चिंधी कोंबायची, म्हणजे गिऱ्हाईक गॅरेजला येतं. तुमी सांगितलंत ते बरं केलंत ताई. काल संध्याकाळीच फोन करून त्याला सांगितलं, येऊ नको म्हणून."

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मी काय नाय केलं, म्हणाला. सगळे तेच म्हणतात."

रामआसरे मात्र पोटलीकडे बघत होता. "लेकिन भाऊ, इसमें तंबाकू है. डालनेवाला तंबाकू क्यों डालेगा?"

"अरे, जे हाताला लागलं ते बांधलं असंल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पोटली माझी आहे, एवढंच. पण काल त्याच जागी उभं राहून मी मोठ्याने काय काय बोलले होते! तो बोलणारा रिक्षावाला आजही कोपऱ्यात बसलेला होता. मी पन्नाशीची बाई, दुकान चालवते, सहा बायकांना कामाला लावते. मी म्हटलं, "हो का."

किल्ली घेतली आणि निघाले.

गाडी फुलासारखी पळत होती. तारापूरच्या रस्त्याने पायाच्या नुसत्या स्पर्शाने पुढे जात होती. माझ्या डोक्यात मात्र हिशेब चालू होता की सोमवार म्हणजे उद्या, आणि ट्रक सकाळी येतो. मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःशी म्हणून पाहिलं होतं की मला त्याच्या घरचं काय माहीत. मुलगी चौथीत आहे इथपर्यंत माहीत होतं.

दुपारी शुभदाकडे उकडहंडी होती. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, शेवग्याच्या शेंगा, ओलं खोबरं, हिरवी मिरची, सगळं मडक्यात भरून, वर केळीचं पान बांधून, आचेवर उकडतात. तेल नाही, पाणी नाही. आमच्याकडे भाजीवर तर्री नसली तर पाहुण्याचा अपमान झाला असं समजतात, पण ही चव तर्रीने बिघडली असती. अशा वेळी घास उतरत नाही असं लिहायची पद्धत आहे. माझा उतरला. मी दोनदा वाढून घेतलं.

हात धुतल्यावर ओट्यापाशी शुभदाला सांगितलं. तिने भांडं खाली ठेवलं.

"अगं, मग तू बोलली का नाहीस?"

"सगळे होते तिथे."

"काल बोललीस तेव्हाही सगळे होते."

तिच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, दारात पाट घेऊन बसल्या होत्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं म्हणून आम्ही मोकळेपणाने बोलत होतो. त्या म्हणाल्या, "मंग तू हितं काय करते? तो माणूस उद्या पोरीला घेऊन भट्टीवर चाललाय ना?"

"माई, मी फोन करते गॅरेजला."

"कर ना. मी काय तुझा हात धरलाय?"

फोन केला. रविवारी दुपारनंतर गॅरेज बंद, नंदूभाऊंचा मोबाईलही बंद. तेव्हाच गाडी काढून विक्रमगडला जाता आलं असतं. गाडी आता उत्तम होती. मी म्हटलं, सकाळी लवकर जाते. माई पाट उचलून आत गेल्या.

सोमवार : पाडा

साडेपाचला निघाले. बोईसर ओलांडताना नंदूभाऊंचा फोन लागला. गाडी कडेला घेतली आणि सांगितलं, "नंदूभाऊ, ती पोटली माझी होती. उंदरांसाठी मीच ठेवली होती. लहानूने काही केलेलं नाही."

ते म्हणाले, "काल तुमच्या डोळ्यासमोरच होती की ती."

"हो."

"मग?"

"लाज वाटली."

"तुमाला लाज वाटली म्हणून मी माणसाला चोर ठरवला काय ताई?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "तो आता माझा फोन घ्यायचा नाय. आता तुमीच जा. भेटला तर सांगा, जागा हाय."

टपरीजवळ पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. पंक्चरच्या छपराची ताडपत्री काढून नेलेली होती, नुसते चार बांबू उभे होते. मागच्या पायवाटेने गेले. ट्रक पाड्याच्या तोंडाशी उभा होता. त्यात आठ-दहा कुटुंबं चढलेली, गोधड्यांची बोचकी, पत्र्याचे डबे, चुलीसाठीच्या विटासुद्धा. लहानू खाली उभा राहून एक पातेलं वर देत होता. वरून ते घेणारी त्याची बायको, मंगली. मुलगी तिला चिकटून बसली होती, मांडीवर दप्तर.

मला पाहून लहानूचे हात थांबले.

मी येता येता वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामी आलं नाही. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "पोटलीच अडकली होती, मेकॅनिकला दोन दिवसांनी सापडली. नंदूभाऊंना सांगितलं आहे. ते म्हणाले, जागा आहे, या."

ट्रकमधली माणसं ऐकायला लागली. लहानूने पातेलं खाली ठेवलं.

"काय सांगितलंत त्यांना?"

"पोटली माझी होती. तुम्ही काही केलं नाही."

"आन् मी तुमाला बोललो होतो, पायपाच्या तोंडाशी आलीय, काढू का. ते सांगितलं?"

ते मी सांगितलं नव्हतं. नंदूभाऊंना नाही, शुभदाला नाही, माईंना नाही. चूक कबूल करतानासुद्धा मी तेवढं मागे ठेवलं होतं.

"ते सांगा," तो म्हणाला. "मी चोर नाय एवढंच नाय बाई. मला ते दिसलं होतं. मेकॅनिकला दोन दिवस लागले, मला बोनेट उघडल्याबरोबर दिसलं. ते भाऊंना कळू दे."

मी फोन लावला. मोठ्याने बोला, अशी त्याने हाताने खूण केली. मी स्पीकर चालू केला, आणि तिथे, ट्रकसमोर, सगळं सांगितलं. त्याने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, कोणत्या शब्दांत दिलं.

पलीकडून नंदूभाऊ म्हणाले, "लहानू, ऐकतोस?"

"ऐकतोय भाऊ."

"आजच ये."

"आज नाय. आज सामान उतरवायचं हाय. उद्या येतो."

भट्टीसाठी माणसं नेणारा मुकादम ट्रकच्या केबिनमधून उतरून आला. त्याला काय झालं ते कळलं होतं, आणि पटलं नव्हतं. "दोन माणसं कमी झाली माझी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुमी येता का बाई, विटा थापायला?"

ट्रकमध्ये हशा पिकला. मंगली हसली नाही. ती वरूनच म्हणाली, "कोंबड्या काल वाटून टाकल्या. नऊ होत्या. आता कुणाकडं मागायच्या? दिलेलं परत मागत नाय आमच्यात."

मुलीने विचारलं, "आय, उतरायचं?"

"उतर."

ती दप्तर गळ्यात अडकवून चाकावर पाय देत खाली आली. मागोमाग बोचकी यायला लागली. एक बोचकं घ्यायला मी हात पुढे केला. मंगलीने ते माझ्या डोक्यावरून नवऱ्याकडे टाकलं.

"बाई, तुमी जावा आता," ती म्हणाली. "तुमी हितं उभ्या ऱ्हायलात तर सगळी तुमच्याकडंच बघत बसतील. काम आमाला हाय."

तिचं बरोबर होतं. मी गाडीकडे गेले.